पाणीपाळीची यादी उघडेना

प्रतिक्षा लग्न होऊन मोहाडीहून अड्याळच्या पलीकडच्या या गावात आली, तेव्हा तिच्या भांड्यांच्या पेटीत परातीखाली टॉवेलात गुंडाळलेला एक जुना कीबोर्ड होता. सासूने, पार्वताबाईंनी, तो उलटापालटा करून पाहिला.

"हे कायचं हाये, बाई?"

"माह्या शिकण्याचं हाये, आत्याबाई."

"मंग वर ठेव. उंदरं लागतीन."

एवढ्यावर तो विषय मिटला. लग्नाआधी वर्षभर ती सकाळी सातच्या गाडीने भंडाऱ्याला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकत होती. शेवटची परीक्षा लग्नाच्या घाईत राहिली, ती तिने पोटात चौथा महिना असताना दिली आणि पास झाली. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकायचं नाही, ही तिची खोड. भाकर करपली तरी ती परातीतला शेवटचा गोळा थापूनच उठणार.

तिचे सासरे मंगरूबाबा गावच्या मालगुजारी तलावाचे पाणकर. तलावाखाली धानाच्या एकशे त्रेचाळीस बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, आणि कुणाच्या बांधीत कधी किती वेळ पाणी जायचं ते मंगरूबाबा सांगणार. चाळीस वर्षं हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. एकाच उंचीवरच्या बांध्यांत मागच्या साली जो शेवटी होता तो यंदा आधी. पाट साफ करायला ज्याच्या घरून माणूस आला नाही त्याचा अर्धा तास कापायचा. आणि काही झालं तरी पाणी खालून वर द्यायचं, वरून खाली नाही, कारण वरचा माणूस एकदा बांध फोडून बसला की खालच्याला चिखलही मिळत नाही. बाबा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून नावं सांगत, लोक ऐकत, आणि फावडं खांद्यावर टाकून चालू लागत. भांडण झालं तरी ते बाबांशी होत नसे.

तीन वर्षांपूर्वी प्रतिक्षाने त्यांच्यापुढे वही धरली. महिनाभर रोज दुपारी बाबा खाटेवर बसून सांगायचे आणि ती लिहायची. बाबांना हे फार आवडलं. "लिही," ते म्हणायचे, "आता ते नाल्यापाशीची तुकडी. ते दोन भावांची हाये, पन पानी एकाच नावानं जाते." वहीवरून तिने प्रोग्रॅम केला. तलावाच्या पट्टीवर किती फूट पाणी आहे तेवढं त्यात टाकायचं, की कोण कितव्या नंबरावर आणि किती तास, ते सगळं हिशेब करून यादी छापून यायची. पाणीवापर संस्थेच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. प्रोग्रॅम त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. सगळी माहिती मात्र आतल्या खोलीत, खताच्या पोत्यांमागे ठेवलेल्या दुसऱ्या एका डब्यात. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. नुसता एक काळा डबा घुंघुं करत पडलेला असे. दोन्ही डबे एकाच लिलावातून घेतलेले, जुळ्या भावांसारखे सारखे दिसणारे.

यंदा पाऊस भाद्रपदातच पाठ फिरवून गेला. दसऱ्यापर्यंत धान निसवलं, लोंब्यांत दूध भरायला लागलं आणि खालच्या बांध्यांना भेगा पडल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, दुपारी चार वाजता तुडूम उघडायचं ठरलं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार.

त्या दिवशी सकाळी दहाला प्रतिक्षाने प्रोग्रॅम उघडला. पट्टीचा आकडा टाकला. थोडा वेळ गोल फिरत राहिलं आणि मग स्क्रीनवर अक्षरं आली : "डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा."

हे वाक्य तिनेच तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं. आज वाचताना तिला त्या लिहिणारीचा राग आला. एखाद्या कचेरीतल्या बाबूनं उद्या या म्हणावं तसलं ते वाक्य.

संस्थेचा शिपाई इश्वर दारातून म्हणाला, "काय झालं, वहिनी?"

"यादी उघडत नाई."

"बंद करून चालू करा न."

तिने केलं. पुन्हा तेच वाक्य.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी गावाला ठाऊक नव्हती. श्रावणात एका सकाळी मंगरूबाबा स्वतःच्या बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून पार्वताबाईंना म्हणाले होते, "हे कोनाचं वावर हाये? धान चांगलं हाये याचं." पार्वताबाईंना आधी थट्टा वाटली. मग पोळ्याला ते बैलाचं नाव विसरले, नंतर व्याह्याचं. सासू-सुनेने चुलीपाशी बसून ठरवलं, की ही गोष्ट या घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. प्रतिक्षाचा नवरा धर्मेंद्र गोंदियाला कामावर. त्यालाही फोनवर अर्धंच सांगितलं. ज्या माणसाच्या तोंडच्या शब्दावर गाव चाळीस वर्षं चालला, त्याला उद्या पोरंसोरं हसतील, हे दोघींनाही सोसणारं नव्हतं.

आणि चार वाजेपर्यंत यादी निघाली नाही, तर गाव कुणाला बोलावणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अकराच्या सुमाराला संस्थेचे अध्यक्ष भोजराज आले. त्यांच्या बांध्या पाटाच्या तोंडाशी, अगदी वर. त्यांनी टेबलावर गमछा ठेवला आणि ऐकून घेतलं.

"कोनीतरी पासवर्ड बदलवला असंन, सूनबाई."

"पासवर्डचं नाई वाटत, भाऊ."

"मंग रजिस्टर काढू का जुनं?"

"त्यात निम्मी नावं मेलेल्या मानसांची हायेत."

"मेलेल्यांचं बी धान पिकतेच न." भोजराज स्वतःच्याच बोलण्यावर हसले. "चार वाजेपर्यंत पाहा. नाई झालं तं मंगरूबाबा हायेतच. त्याईच्या डोक्यात कुठं वायर हाये तुटाले."

प्रतिक्षाने मान हलवली आणि स्क्रीनकडे वळली. 

भीतीत माणूस करतो तेच तिने पहिला तासभर केलं. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये पाच ओळींची एक छोटी फाइल होती : डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिचा पत्ता, तिथल्या पोर्टचा नंबर, डेटाबेसचं नाव, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. तिने पोर्ट बदलून पाहिला. मग पासवर्ड दुसरा टाकला. मग नावामागे काहीतरी जोडलं. मग पुन्हा पोर्ट. बाराच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, की मुळात काय होतं तेच आता आठवत नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं की एकदाही नाही, हे न कळावं तसं झालं.

तिने हात मांडीवर ठेवले आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. मग कपाटातून तीन वर्षांपूर्वीची वही काढली, त्यातून पाचही ओळी जशाच्या तशा परत भरल्या, आणि कोऱ्या पानावर लिहिलं : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलायच्या आधी लिहायची.

मग तिने जे कामाचं होतं ते केलं. स्वतःच लिहिलेल्या त्या गुळमुळीत वाक्यामागे मशीन खरं काय म्हणते, ते पाहिलं. प्रोग्रॅम रोज आपली नोंद एका फाइलमध्ये ठेवत असे. तिथे इंग्रजीत स्पष्ट होतं : कनेक्शन रिफ्यूज्ड. जोडणी नाकारली.

"इश्वरभाऊ," ती म्हणाली, "पासवर्ड नाई चुकला."

"कशावरून?"

"हे पाहा. आपन कोनाच्या घरी गेलो. घरच नाई सापडलं तं किती वेळ हिंडत राहू. घर सापडलं, दार ठोकलं, आतून विचारलं कोन हाये, आपन चुकीचं नाव सांगितलं, तं हाकलून देईन. पासवर्डचं काम तिथं. इथं तसं नाई झालं. घर सापडलं, पन या घराले ते दारच नाई. भिंतीवर ठोकून राहिलो आपन."

इश्वरने विचार केला. "मंग घर चुकलं असंन."

तो सहज बोलून गेला, पण प्रतिक्षाने ते वहीत लिहून घेतलं.

आतल्या खोलीत जाऊन तिने डबा पाहिला. चालू होता, वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. बाहेर येऊन तिने टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला हाक मारली. मशीनला अशी हाक मारता येते. ती जागी असली तर ओ देते आणि किती वेळात दिली तेही दिसतं. ओ आली. चारही वेळा आली. पण फार लवकर आली. आतल्या खोलीपर्यंत वायरीतून जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नव्हता. आपणच हाक मारावी आणि आपणच ओ द्यावी तसं.

तिने टेबलावरच्या मशीनचा स्वतःचा पत्ता काढून पाहिला. सगळे आकडे सारखे असतात, फक्त शेवटचा वेगळा. आतल्या डब्याचा शेवटचा आकडा दोन आणि टेबलावरच्याचा तीन, असं वहीत लिहिलं होतं. आता टेबलावरचा कॉम्प्युटर स्वतःला दोन म्हणवून घेत होता.

"इश्वरभाऊ, मी मोहाडीले गेली होती त्या दोन दिवसांत इथं काय झालं?"

"काई नाई. खंडेनवमीची पूजा केली न."

"कशाची?"

"औजारांची. तुडुमाचं चाक, फावडे, वजनकाटा, आन हे दोन्ही डबे. आतल्या खोलीत किती धूळ होती, तुमाले नाई दिसत. बाहेर आनले, कपड्यानं पुसले, घोंगडीवर मांडले. हळद-कुंकू, झेंडूचा हार. तो पत्ते वाटनारा लहान डबा हाये न, त्याले बी काढून पुसला. कोनाले सोडलं नाई." इश्वरचा आवाज हळूहळू बारीक झाला. "रातभर देवापाशीच होतं सगळं."

"आन परत कोनते आधी लावले?"

"तुमच्या टेबलावरचा. मंग आतला."

आता तिला सगळं एका ओळीत दिसलं. भिंतीवरचा तो लहान डबा, राउटर, ज्या क्रमाने मशीन जागी होईल त्या क्रमाने पत्ते वाटत होता. आधी येईल त्याला दोन, मग येईल त्याला तीन. इन्व्हर्टरमुळे तीन वर्षं आतला डबा बंदच पडला नव्हता, म्हणून दोन नंबर त्याच्याकडे टिकून होता. पूजेला सगळं बंद झालं, राउटर ते विसरला, आणि इश्वरने ज्याला आधी उठवलं त्याला पहिला पत्ता गेला. प्रोग्रॅम सकाळपासून स्वतःच्याच घरी जाऊन डेटाबेस शोधत होता.

इश्वर कानकोंडा झाला. "म्हंजे पूजेनं बिघडलं?"

"पूजेनं नाई बिघडलं, भाऊ. वर्षभर पुसले नाई मी, तुमी पुसले. चूक माही हाये. पत्ता कायमचा लावून ठेवाले पायजे होता, मी वाटनाऱ्यावर सोडला."

एक वाजत आला होता. तिने फाइलमध्ये एकच आकडा बदलला, दोनचा तीन केला, आणि बदलायच्या आधी लिहिला. प्रोग्रॅम उघडला. पुन्हा नकार.

पण नोंदीतलं वाक्य बदललं होतं. आता जोडणी नाकारली नव्हती. या नावाला या पत्त्यावरून परवानगी नाही, असं होतं. घर बरोबर होतं, दार बरोबर होतं. आतून कुणीतरी विचारलं होतं, कुठून आलीस?

ही अट तिचीच होती. दुसऱ्या वर्षी कुणीतरी संस्थेच्या वायफायवरून घरबसल्या आपली पाळी वर सरकवून घेतली होती. कोण ते कळलं नाही, कळावं असं तिने फार ओढूनही धरलं नाही. पण तेव्हापासून डेटाबेसला तिने सांगून ठेवलं होतं, की फक्त तीन नंबरच्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत घ्यायचं. आणि आज ती स्वतः दोन नंबरवरून आली होती.

भोजराज पुन्हा आले तेव्हा दोन वाजले होते. बाहेर माणसं जमायला लागली होती. खालच्या बांधीची देवकाबाई पायरीवर बसली होती, फावडं आडवं टाकून. नवऱ्याच्या मागे एकटीने शेत करणारी बाई. 

"काय म्हनते मशीन?" भोजराजने विचारलं.

प्रतिक्षाने थोडक्यात सांगितलं.

"मंग खोलून टाक न सगळ्यांसाठी. कोनत्याबी पत्त्यावरून येऊ दे. एका दिवसाचा तं प्रश्न हाये."

"एका दिवसासाठी काढलेला आगळ कोनी परत लावत नाई, भाऊ."

"आमच्यावर भरोसा नाई का तुहा?"

"तुमच्यावर हाये. म्हनून तं तुमच्यासमोर नाई म्हनून राहिली."

भोजराजने गमछा खांद्यावर टाकला. मग बाहेर जाऊन मोठ्याने म्हणाले, "अरे, कोनीतरी मंगरूबाबाले आना बरं. तुडुमापाशीच बसवा. खुर्ची न्या."

प्रतिक्षाने फोन लावला. पार्वताबाईंनी दुसऱ्याच घंटीला उचलला.

"आत्याबाई, मामाजीले न्याले मानसं येऊन राहिले."

"येऊ दे. फराळाले बसले ते. एकादशी हाये, भगर अजून शिजाची हाये."

"किती वेळ लागन शिजाले?"

"तुले किती लागते?"

"दीड तास."

"तेवढाच लागन भगरले," पार्वताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोपा रस्ता एक होता. सगळं बंद करायचं आणि आधी आतला डबा, मग टेबलावरचा, अशा क्रमाने उठवायचं. इश्वरला तो सुचलाही. पण मग पुढच्या खंडेनवमीला, किंवा उद्याच वीज जाऊन इन्व्हर्टरही बसला तर, पुन्हा हेच. पाणी चार दिवस चालणार होतं, यादी चारही दिवस लागणार होती. तिने वहीत लिहिलं : पत्ते मशीनवरच कायमचे लावायचे. आधी आतला.

आतल्या डब्याला स्क्रीन नव्हता. टेबलावरचा स्क्रीन काढून न्यायचा, तर बाहेर आंधळं व्हायचं. ती आणि इश्वर स्क्रीन आणि कीबोर्ड उचलून पोत्यांमागे गेले. ठेवायला जागा नव्हती. इश्वरने युरियाच्या दोन पोत्यांवर फळी टाकली. हार अजून डब्यावर होता, झेंडू सुकलेला. प्रतिक्षाने तो काढून बाजूच्या देवळीत ठेवला, पायदळी येऊ नये म्हणून, आणि खाली बसली. डोळ्यांना खताचा झोंबणारा वास. घाम नाकावरून कीबोर्डवर पडायचा तो ती पदराने टिपत होती.

आत शिरायचा पासवर्ड पहिल्या वेळी चुकला. दुसऱ्या वेळीही. तिने डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं, पण बोटं घाईत होती हे तिला कळलं होतं. एकेक अक्षर उच्चारत टाकलं आणि आत गेली. डेटाबेस चालू होता. एकशे त्रेचाळीस बांध्या जागच्या जागी होत्या. पाहूनच अर्धा जीव भांड्यात पडला. तिने डब्याला दोन नंबरचा पत्ता कायमचा लावला. मशीन म्हणाली, हा पत्ता दुसऱ्याकडे आहे.

"इश्वरभाऊ, बाहेरचा डबा बंद करा. पूरा. मागची वायर बी काढा."

"काढली," बाहेरून आवाज आला.

आता लागला. स्क्रीन आणि कीबोर्ड पुन्हा उचलून बाहेर. वायर, चालू, टेबलावरच्याला तीन नंबर. त्यानंतर फाइल उघडून मघाशी बदललेला एकमेव आकडा तिने जुन्यासारखा केला. म्हणजे जिच्यावर सकाळी तासभर हात चालवला, त्या फाइलमध्ये मुळात एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. हे कळायला दिवस गेला होता.

साडेतीन झाले होते. तिने पट्टीचा आकडा टाकला, सहा फूट चार इंच, आणि बटण दाबलं.

गोल फिरलं. थांबलं. नावं यायला लागली.

इश्वरने कपाळाला हात लावला तो तसाच ठेवला.  प्रतिक्षाने यादी वरून खाली पूर्ण वाचली, पाच नावं वहीशी ताडून पाहिली, मग तीन प्रती छापल्या आणि चप्पल शोधायला लागली. एक टेबलाखाली होती, दुसरी आतल्या खोलीत.

तलावाच्या पाळीवर ती पोचली तेव्हा चारला पाच कमी होते. मंगरूबाबा खुर्चीवर बसलेले, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. भोवती चाळीस-पन्नास माणसं. पार्वताबाई मागे उभ्या, हात पदराखाली घट्ट बांधलेले. भोजराज वाकून बाबांना विचारत होते.

"सांगा बाबा, पहिला कोन?"

बाबांनी तलावाकडे पाहिलं, मग लोकांकडे. ओठ हलले. प्रतिक्षा माणसांतून वाट काढत पुढे येत होती. तिने कागद उंच धरला, "यादी निघाली, भाऊ, यादी निघाली," असं म्हणत. पण बाबांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"माह्या डोस्क्यात आता राहात नाई, बाप्पा," मंगरूबाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच, बांधीवरून हाक मारावी तसा खणखणीत. "दोन-चार महिने झाले. नावं येतेत आन जातेत. मी सांगीन आन चुकीन, तं कोनाचं तरी धान वाळन. मी या सुनेले एकेक बांधी सांगितली हाये, तेव्हा डोस्कं ठिकानावर होतं. तिचा कागद वाचा."

कोणी हसलं नाही. भोजराज सरळ उभे राहिले आणि गमछा खांद्यावर नीट केला.

 जे झाकायला प्रतिक्षा सकाळपासून झगडली, ते बाबांनी आपल्या हाताने उघडं केलं होतं, आणि त्यांची टोपीसुद्धा वाकडी झाली नव्हती. तिने पार्वताबाईंकडे पाहिलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि कुणी पाहू नये म्हणून तलावाकडे तोंड करून.

"वाच न, पोरी," बाबा म्हणाले. "काहून थांबली?"

"पहिली पाळी देवकाबाई," ती वाचायला लागली. "शेवटची बांधी. आज चार ते साडेसहा."

देवकाबाई फावडं उचलून निघालीच. बाकीची नावं ऐकायला ती थांबली नाही. पाणी पोचायच्या आत तिला धुऱ्याचं तोंड फोडायचं होतं. भोजराजचं नाव चौथ्या दिवशी आलं. त्यांनी यादीखाली सही केली आणि विचारलं, "चौथ्या दिवशी तं उघडन न हे?"

"उघडन," प्रतिक्षा म्हणाली. "मी उद्या सकाळी राउटरमंदी बी हे पत्ते पक्के करून टाकते."

तुडुमाचं चाक फिरवायला इश्वर पुढे झाला, तर मंगरूबाबा खुर्चीवरून उठून आधीच तिथे पोचले होते. त्यांनी चाकावर हात ठेवले, इश्वरला म्हणाले, "तू तिकडून धर," आणि दोघांनी जोर लावला. खाली पाटात पाणी सुटल्याचा आवाज आला. बाबांनी तीन फेरे मोजले आणि थांबले. जास्त नाही, कमी नाही.